निम

जिल्हा असोसिएशनच्या फॉर्मवर दोनच चौकटी:
हौशी, व्यावसायिक.
वेळदूरच्या संघाचा मी एकोणीस वर्षं गुणलेखक,
अक्षर बरं, म्हणून फॉर्म माझ्याकडे.
हरेश जांभारकर समोर उकिडवा,
बर्फाच्या कारखान्यातून थेट,
पोटऱ्यांपर्यंत ओला, नखांत भुसा.

'खेळायचे पैसे घेतोस ना?'
'घेतो. शनवार-रविवार. फायनलला गेलो तर दीड हजार,
नायतर पाचशे न् वडापाव.'
'मग हौशी नाहीस.'
'नाय.'
'त्यावर घर चालतं?'
तो असा हसला की पडवीतलं मांजर उठून गेलं.

दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत
मी बारीक लिहिलं: निमव्यावसायिक.

त्यानं बोट ठेवून वाचलं.
'ह्यो निम काय?'
अर्धा, म्हटलं. निमसरकारी, निमशहरी, तसा.
'कुठला अर्धा?'
मला सुचेना. खाडीकडे बघत म्हटलं,
ते खाजण बघ, भरतीला पाणी, ओहोटीला जमीन…
'त्यात भात होत नाय,' तो म्हणाला,
'न् होडीपण रुतते.'

पालशेतचे त्याला पाहुणा म्हणतात.
अंजनवेलचे, हरले की भाड्याचा,
जिंकले की आपला हरेश.
आयोजक पाकिटावर लिहितात मानधन.
त्याची आई पाकीट फाडते:
मान चुलीत, धन डब्यात.

फेब्रुवारीत उपांत्य सामना, शेवटची चढाई.
एक जण घोट्याला लटकलेला,
मध्यरेषा बोटभर लांब.
गुडघा आतून वाजला, माझ्या वहीपर्यंत.
बोट मात्र रेषेवर.
मी गुण लिहिला: एक.
त्या रकान्यात अर्धा लिहिता येत नाही.

सोमवारी मालकानं खाडा लावला, पुरा.
मंडळानं शाल दिली आणि नारळ.
नारळाचा दुसरा अर्थ त्याला ठाऊक होता.

संध्याकाळी गेलो तेव्हा ओट्यावर पाय लांब करून बसलेला,
गुडघ्यावर बर्फ, कारखान्यातलाच, उसना,
पिशवीला आतून बांगड्याचा एक खवला चिकटलेला.
'तुमचा तो शब्द हाय का अजून फॉर्मावर?'
'फॉर्म परत आला,' मी म्हटलं.
'एकाच चौकटीत खूण करा म्हणतात.'

त्यानं पिशवी गुडघ्याच्या दुसऱ्या अंगाला सरकवली.
'मग बसा जरा,' म्हणाला.
'ह्यो वितळू दे.'