एक संगीन, म्यानासहित

मी लढलो नाही. मी मोजत होतो.
सॅलिसबरीच्या माळावर, गळक्या तंबूत,
एक पेन्सिल कानावर, एक दातांत.
बूट, जोड एक. पाठपिशवी एक. फावडं एक.
संगीन एक, म्यानासहित.
सही कर. पुढचा.

बुटांची पहिली तक्रार आठवड्यातच आली.
केप ब्रेटनचा मर्डो गिलिस, कोळ्याचा पोर,
तळवा हातात घेऊन उभा. पायाचा नव्हे, बुटाचा.
"पुठ्ठा आहे," म्हणाला. "मासे गुंडाळायला बरा."
मी वहीत लिहिलं: वापराने झिजले.
वरून तसंच लिहायला सांगितलं होतं.

फावड्याच्या पात्याला भोक होतं.
भोकातून बंदूक काढायची, पात्यामागे डोकं लपवायचं,
अशी कुणाला तरी खुर्चीत बसून सुचलेली युक्ती.
एल्झेआर पेल्तिए त्या भोकाला डोळा लावून
माझ्याकडे बघायचा.
"माती उचलली तर गळते,
गोळी आली तर आत येते.
मग हे आहे कशासाठी, कोठीवाले?"
"सहीसाठी," मी म्हटलं.
तो हसला, मग त्याच्यामागची सगळी रांग हसली,
पावसात, पुठ्ठ्यावर उभी राहून.

संगिनीबद्दल मात्र कुणी विनोद केला नाही,
निदान सुरुवातीला.
भुसा भरलेली पोती टांगलेली. सार्जंट ओरडायचा:
घुसव, पीळ, ओढ.
संध्याकाळी पोती शिवायला माझ्याकडे यायची.

फ्लँडर्समध्ये माझी कोठी एका बिअरवाल्याच्या तबेल्यात.
तिथवर बातम्या चिखलासारख्याच यायच्या,
बुटांना चिकटून.
बंदूक देखणी, पण कण गेला की रुसते,
खटक्यावर टाच हाणावी लागते.
आणि गोळी झाडली की संगीन
आपली आपणच निसटून
पडते समोरच्या गवतात.
"आखूड, रुंद, बोथट," मर्डो म्हणायचा.
"माझी आई हिला लोण्यात घालील."

तरी रोज सकाळी तिच्यावाचून चालायचं नाही.
तिच्यावर पाव भाजायचे. तिने मुरंब्याचा डबा फोडायचे,
बुटांचा गाळ खरवडायचे.
भिंतीत खुपसली की खुंटी,
मुठीवर मेण सांडलं की समई.
एल्झेआर तिच्या उजेडात पत्र लिहायचा,
लिहायचा म्हणजे मर्डोकडून लिहून घ्यायचा,
आणि मर्डोला फ्रेंच येत नव्हतं.
बायकोला काय पोचलं, देव जाणे.

एप्रिलच्या शेवटी गाठोडी परत आली.
मी सोडत होतो, मांडत होतो, खुणा करत होतो.
पेल्तिए, ए.
पाठपिशवी एक. जपमाळ एक, सरकारी नव्हे.
म्यान एक.
रिकामं.

नियम साधा होता: हरवलेल्या जिनसेची किंमत
शेवटच्या पगारातून वळती.
मेलेल्यालाही सूट नव्हती. वही जिवंत असते.

मर्डो दारात उभा होता,
आता दुसऱ्या कुणाचे तरी चांगले बूट घालून.
कुणाचे, ते मी विचारलं नाही.
"शोधू नका," म्हणाला. "मला ठाऊक आहे कुठंय.
त्याच्या उशाशी रोवलीय मी, टोपी अडकवून.
तिथे बाभळीएवढंही लाकूड नव्हतं क्रूस करायला."
थांबला. नाक पुसलं.
"तीन रात्री तोफा चालल्या, कोठीवाले.
हलली नाही."

मी दातांतली पेन्सिल काढली.
हरवली, असा रकाना होता.
मोडली, असा होता. परत आली, असाही.
त्यांच्या बाहेर, समासात, मी लिहिलं:
वापरात आहे.

ओटावाहून तीनदा विचारणा आली.
कोणाच्या?
तिन्ही कागद मी
बिअरवाल्याच्या घोड्याखाली अंथरले.