सिंगल बेल

फोन आला तेव्हा माधवनगरच्या थांब्यावर
मी सुट्टे मोजत होते.
स्वरूपा म्हणाली, आई, आय क्विट.
मला ऐकू आलं, क्विक.
म्हटलं, एवढी घाई कसली, दुपारी बोलू सावकाश,
आणि दोरी ओढली. दोनदा.
गाडी सुटली.

दुपारी तिचा फोन बंद.
क्विटचा अर्थ आठ दिवसांनी जावयाकडनं कळला,
मराठीतनं:
घेऊन जा.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार, ड्युटी संपली की
विश्रामबागेत मगदूम सरांचा क्लास.
खाकी अंगावर तशीच,
मिसरूड फुटणाऱ्या पोरांच्या मागच्या बाकावर.

सर फळ्यावर लिहितात:
स्टॉप, क्विट, रिझाइन, लीव्ह, गिव्ह अप.
म्हणतात, बाई, प्रत्येकाची सीट ठरलेली.
नोकरीला रिझाइन, तंबाखूला क्विट,
गावाला लीव्ह, आशेला गिव्ह अप.
मी वहीत उतरवते:
सोडली. सोडली. सोडलं. सोडली.
आमच्यात सगळे एकाच क्रियापदात बसतात,
वडापच्या जीपमधे बसतात तसे,
आणि तरी मागं दोघं लटकायला जागा असते.
चतुर्थीचा उपास सोडतो, म्हणजे जेवतो.
हक्कावर पाणी सोडतो.
कोयनेतनं पाणी सोडतात, मग आयर्विन पुलाचे फूट
अख्खी सांगली पाठ म्हणते.
जीव सोडतो.
आणि कुणाला तरी स्टँडपर्यंत सोडतो,
ते सोडणं म्हणजे पोचवणं, त्याला काय म्हणायचं सर?
ड्रॉप, म्हणाले.
पडल्यासारखं वाटतं, मी म्हटलं.

ही स्टॉप्ड स्मोकिंग.
(इंग्रजीतली ही म्हणजे तो, हे पहिल्याच दिवशी शिकले.)
त्यानं बिडी सोडली.
ही स्टॉप्ड टु स्मोक.
तो थांबला, बिडी ओढायला.
मधे एवढासा टु.
पोरं गोंधळली, मला लगेच कळलं.
एकवीस वर्षं मी याच्यावरच पोट भरते.
एक बेल, थांब. दोन बेल, चल.
कुमठे फाट्याला उतरलेला
चहासाठी थांबलाय का घरी पोचलाय,
पाठ बघून सांगते.

एकदा सर म्हणाले, रिझाइन्ड टु,
म्हणजे आहे ते मान्य करून राहणं.
राजीनाम्यात राजी असतंच की, बाई.
पोरं लिहून घेत होती.
माझी पोरगी त्या टुवर चार वर्षं राहिली
आणि दर दिवाळीला मी तिला स्वारगेटच्या गाडीत
खिडकीजवळची जागा धरून दिली.

मग परवा, लीव्हचं वाक्य करा, प्रत्येकानं एक.
आय लीव्ह होम अ‍ॅट एट.
द बस लीव्हज अ‍ॅट नाइन.
(नऊ वाजता कुठली सुटतेय, पण असो.)
माझी पाळी आली. उभी राहिले.
माय डॉटर लेफ्ट हर हजबंड.

पंख्याचं एक पातं खडखडतं, ते ऐकू आलं.
हे वाक्य मी मराठीत कधी म्हटलं नव्हतं.
आमच्या गल्लीत ते दुसऱ्या टोकाकडनं येतं:
नवऱ्यानं सोडली.
बऱ्याचदा नवऱ्याचं नावही लागत नाही,
सोडलेली म्हटलं की भागतं.

सरांनी खडू खाली ठेवला.
करेक्ट, म्हणाले.
थोडं थांबून,
टेन्सही बरोबर आहे.

घरी आले तर कट्ट्यावर बायजाक्का, लसूण सोलत.
स्वरूपा अजून हितंच म्हणायची?
सहा महिनं झालं की.
सोडली व्हय गं?
मी पायातली चप्पल काढली.
तिनं, म्हटलं.
आँ?
तिनं सोडला.
बायजाक्कांनी असं बघितलं,
जसं मी उलट्या दिशेचं तिकीट फाडलंय.

आत स्वरूपा
केस सोडून पंख्याखाली बसली होती,
कंगवा सापडत नाही म्हणून चिडलेली.