विसोणें

पाटीवर लिहिलंय: विसोणेम.
नाकातला निसटता सूर कसा धरायचा,
म्हणून फिरंगी कारकुनाने शेवटी एक म ठोकला,
बैल बांधायला मेख ठोकतात तसा.
रोमीतून परत देवनागरीत येताना
मेखही सोबत आली.

माझ्या फॉर्मवर दोन रकाने: उत्पत्ती, अर्थ.
भिसाजी मास्तर म्हणाले, विष्णुवन. लिहून टाका, कोण विचारतंय.
पंचाच्या चुलतभावाने शपथेवर सांगितलं,
पाकल्याने बोट दाखवून विचारलं, हे काय?
कोणीतरी म्हणाला, विसरलों.
ओसरी हसली.
सोमटी वेळीप नाचणी पाखडत होती,
तिचं सूप थांबलं नाही.

दुपारी, बाकीचे पांगल्यावर, आपणहून म्हणाली:
तेन्ना कुमेरी करायचे, बाबा.
एका उतारावर तीन पिकं. माती दमली
की तिला झोपू द्यायचं आणि आपण चालायचं.
निखारे मडक्यात, राखेखाली.
पोरं पाठीला. बियाणं माथ्यावर.
पुढे चालणारा म्हातारा जिथं ओझं उतरवील
तें विसोणें.

म्हणजे हा डोंगर?
हा, आणि पलीकडचा. त्याच्याही मागचा.
माझी आवय जन्मली तें विसोणें
धरणाच्या पाण्यात आहे.
हें निमाणें.
जंगलवाल्यांनी दगड रोवले, चालणं बंद झालं,
त्या दिवशी नाव हांगा होतं.
तितकंच.

मी नकाशा पसरला. अक्षांश, रेखांश.
तिने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला
आणि परत दिला,
कच्ची राहिलेली भाकरी परत द्यावी तसा.

संध्याकाळच्या बसला ती होती,
कोनगांची पाटी घेऊन, कंडक्टरशी भांडत.
केपें स्टँडवर, पेट्रोलच्या वासात,
एका पोराने हात लावला, पाटी खाली आली.
चुंबळ डोक्यावरच राहिली.
आणि तिच्या नाकातून एक श्वास सुटला,
लांब, शेवटाला किंचित गुंजणारा,
कुठेही म नसलेला.

पेनाचं टोपण काढून मी उभा होतो.
ती माझ्याकडे बघून म्हणाली,
साठ रुपये वाटा.
घेतोस?