सौदा

मढवी मीटरवर वाकतात.
"महिन्याभरात सात हजार किलोमीटर? कुठं गेलेलात एवढं?"
असंच, मी म्हणतो. जाण्याआधी जरा फिरून आलो.

सीवूड्सचं घर खिळ्यांपर्यंत रिकामं,
सामान कंटेनरमध्ये, रॉटरडॅमच्या नावानं.
मागे उरला कुकर, तीन ताटल्या
आणि शर्वाणीचा हट्ट:
जायचंच तर नीट बघून जाऊ.

बघितलं म्हणजे काय, काचेतून गेलं सगळं.
सागरच्या अलीकडे ओजसचा दात पडला,
पंक्चरवाल्याची बॅटरी घेऊन सीटखाली शोधला,
नाही मिळाला.
काझाला सकाळी इंजिन उठेना.
एका बाईनं त्याखाली शेगडी सरकवली,
बाळंतिणीच्या बाजेखाली सरकवतात तशी.
येताना कोटा ते चितोड आम्ही दोघं बोललो नाही;
मधे एका ढाब्यावर तिनं
न विचारता माझ्या चहात साखर घातली.

परतलो तर सामान अजून न्हावा शेवाच्या यार्डात.
आम्ही स्पितीला जाऊन आलो,
आमची गादी उरणच्या पुढे सरकली नव्हती.

मढवी टायर दाबून बघतात, आतला वास घेतात.
"आधी आतून धुऊन घेईन."
ओजस माझ्या मागून पुढे येतो.
काका, दात सापडला तर?

ते हसत नाहीत.
कागदावर जॅक, स्टेपनी, दोन किल्ल्या लिहून झाल्यात,
सही तेवढी राहिलीय.
पेन परत उघडतात, आणि त्याखाली
ठसठशीत अक्षरात:
एक दात, देणे बाकी.