घोसीपुऱ्यापर्यंत

बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, ग्रामोफोनची सुई.
उलट्या बाजूने एकेक दाबत
बॉयलरवर उठवले एकशे बारा रिव्हेट.
एकशे तेरावा फसला. तिथे काजळी लावली.

रुळांखाली वाळवलेला चहाचा चोथा,
टपावर माणसं, डोकी मोहरीएवढी.

शशीने भिंग मागितलं,
एकीचं लुगडं हिरवं रंगवलं.
"ही मी. सबलगढला, माहेरी."

आता तिला कसं सांगू,
सत्त्याऐंशीपट लहान करूनही
सबलगढ इथून किलोमीटरभर लांब,
आणि ग्वाल्हेरातली आमची खोली अकरा फूट.

घोसीपुऱ्याचं फाटक येतं,
मग पलंगाचा पाय.

मी इंजिन उलटं घेतो.
टपावरून ती पाठमोरी परत येते.

"भेटले सगळे?"
"आई झोपली होती," ती म्हणते,
"उठवलं नाही."