भांग

सकाळी सहाला सिव्हिलमधून सुटतो.
रात्रभर लोकांच्या नसा शोधून
बोटांना एक खोड लागलेली असते,
कातडीखाली काय हलतंय ते चाचपायची.
तीच बोटं घेऊन रायलादेवीला येतो,
कणकेच्या गोळ्यात चिमूटभर हिंग मळतो,
तंगूस सोडतो
आणि पाण्याची नस लागते का बघतो.

हशा नाखवा माझ्या आधी आलेला असतो.
चेंदणीचा. पन्नास वर्षं खाडीत.
बसायला रंगाचा पालथा डबा,
शेजारी दुसरा, उताणा, माशांसाठी.
गळाची काठी अशी धरतो
जसं दुसऱ्याचं मूल कुणी
क्षणभर धरायला दिलंय.
"डोल मारनारा मानूस मी," म्हणतो,
"आनि हा पोरांचा खेल."

पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, आज काय?
मी मोबाइल बघून तारीख सांगितली.
"तारीख नको रं. तिथी."
मग स्वतःच पेरांवर अंगठा फिरवत
सप्तमीपाशी थांबला.
"खारीन आज भांग. पानी दमलेला."
समोर हिरवट, जागचं न हलणारं तळं.
त्याच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"हितं बारा म्हयने भांगच."

साडेसातला ठेकेदाराचा माणूस येतो.
एका गळाचे पन्नास. पावती.
नाखवा ओल्या हाताने घेतो,
शाई पसरते.
"खारीन कवा कोनी पावती नाय मागली."
थोड्या वेळाने, गळाकडेच बघत,
"आता मागून तरी काय. म्हावरंच नाय."

त्याची चांगुणा गोड्या पाण्याचं शिजवत नाही.
म्हणते, चिखल लागतो दाताला.
एकदा त्याने रोहू नेला, अडीच किलोचा.
तिने चिंच, हळद, मिठात तासभर ठेवला,
तरी हुंगून वरच्या मजल्यावरच्या
बंगाली भाडेकरणीला देऊन टाकला.
रात्री वाटीभर खाली आला, मोहरीच्या तेलातला.
चांगुणाने उभ्यानेच चाखला.
"मीठ कमी हाय," म्हणाली,
आणि वाटी पुसून खाल्ली.

चैत्रातली गोष्ट.
नाखव्याचं पिसाचं बूच तिरकं झालं, बुडालं.
चिलापी. वीतभर, राखाडी, गाल फुगलेले.
गळ ओठाच्या कडेला जेमतेम अडकलेला.
तो काढायला त्याने अंगठा आत घातला
तर तळहातावर काहीतरी सांडलं,
मोहरीला शेपूट फुटावं तसं,
वीस, तीस, मोजता येईनात,
प्रत्येकाला दोन डोळे.

तोंडात पिल्लं असली की ती खात नाही म्हणे.
मग गळ कसा लागला कोण जाणे.

मी उगाच म्हणालो, बाटली आणू?
तो काही बोलला नाही.
दुखरा गुडघा धरत दोन पायऱ्या उतरला,
एक तळहात पाण्याखाली नेला.
पिल्लं निघाली, पसरली,
आणि त्यातली काही परत आली,
त्याच्या अंगठ्याच्या सावलीत
गोळा होऊन राहिली.
दुसऱ्या हातात आई, कल्ल्यांपर्यंत बुडवलेली.

"ही खारीनपन जगते," तो पाण्यालाच सांगत होता.
"कलव्याच्या पुलाखाली बघितलीय.
काला पानी, वर फेस.
तितं आमचा एक बोय मासा नाय टिकला.
ही हाय."

मागून हाक आली, "ओ नाखवा, किती किलो?"
मी वळून बघितलं.
पुन्हा तिकडे पाहिलं तेव्हा
त्याचे दोन्ही हात पाण्यातच होते,
उघडे.

वर येऊन त्याने तंगूस गुंडाळला.
डबा उचलला तर कडी वाजली नुसती.
"आज काय?" या वेळी मी विचारलं.
अंगठा पेरांवरून फिरला.
"दशमी. भांग सुटला."

मग बाटलीतल्या पाण्याने हात धुतले,
हुंगले,
आणि पुन्हा धुतले.