सांध

सकाळच्या राउंडला डॉक्टर एकच विचारतात,
"हेडाऊकाका, हवा सरली का?"
मागे सहा शिकाऊ पोरं, वह्या उघडून उभी.
सदुसष्ट वर्षांत माझ्या या गोष्टीची
इतक्या माणसांनी कधी वाट पाहिली नव्हती.

आतडं वीतभर कापलं. उरलेली दोन टोकं जोडली.
मी विचारलं, गाठ कोणती मारली?
डॉक्टर हसले. मी हसलो नव्हतो.
गोळीबार चौकात चाळीस वर्षं माग चालवला,
तुटलेली तार थुंकी लावून पिळायची,
सांध बोटाला लागू द्यायची नाही,
आणि जोडल्या जोडल्या हिसका तर द्यायचाच नाही.
इथं उलटंच.
दुसऱ्याच दिवशी सिस्टर रंगारीनं उठवलं,
"चाला काका. पडून राहाल तर छातीत कफ धरते."

मग चाललो.
एका हातात सलाईनचा दांडा, दुसऱ्यात लघवीची पिशवी,
बुधवारच्या बाजाराला निघाल्यासारखा.
पलंग ते खिडकी बेचाळीस पावलं.
खाली मेडिकल चौक, मे महिना,
टरबुजाच्या गाडीमागे एक पोरगा
डोक्यावर ओला दुपट्टा पिळून घेतो.

च्युइंगम चघळा म्हणाले,
जेवण येतंय असं आतड्याला फसवायचं.
याच गोष्टीसाठी नातवाला धपाटा घातला होता मी.
दाढा नाहीत. पुढच्या चार दातांनी फसवतो.

शेजारच्या पलंगावर काटोलचे यादवराव. उठतच नाहीत.
म्हटलं, उशी पोटाशी दाबून धरा अन् चाला.
भिंतीकडे तोंड करून म्हणाले,
"उसवलं तर?"
मीही तेच मोजत होतो बेचाळीस पावलांत.
बोललो नव्हतो, एवढंच.

चौथ्या रात्री तीन वाजता लाइट गेली,
कूलर थांबला,
आणि पोटात कुणीतरी धोटा फेकला.
इकडून तिकडे. परत इकडे.
मग कोऱ्या कापडाचा काठ फाडावा
तेवढाच आवाज.
खाली चटईवर कौसल्या उठून बसली.
"झालं?"
"झालं."
तोंडात पदर कोंबून हसत राहिली ती,
बऱ्याच वेळानं कळलं, हसत नाहीये.

सकाळी अर्धा कप चहा. बिनदुधाचा.
रिपोर्ट यायचाय अजून,
कुठवर गेलं होतं ते त्यात लिहिलेलं असेल.
यादवराव उशी कवटाळून पलंगाच्या काठावर बसलेत,
पायांनी चपला चाचपतायत.
एक माझ्या पलंगाखाली आली होती,
ती मी सरकवली.